परतीची हद्द

काकरखेडे,
११ जून १९६३

नवल,

वर आशीर्वाद लिहायला गेले आणि हात थांबला. तसंच पुढे लिहिते.

तुझा पत्ता पोस्टमास्तरांकडून मिळाला. तू दर दिवाळीला बापूंना पत्र पाठवतोस आणि बापू ते न फोडता परत करतात, हेही त्यांनीच सांगितलं. मला ठाऊक नव्हतं. तू भिलाईच्या पोलाद कारखान्यात तपासणीच्या खात्यात आहेस, एवढं लोकांच्या बोलण्यातून कळलं होतं.

बापूंसाठी लिहिते आहे. मागच्या महिन्यात ते शेतात गेले आणि परतीची वाट विसरले. धुऱ्यावर बसून राहिले होते. परवा मी माहेरी गेले तर मला म्हणाले, तुझ्या आईला आधी वाढ, ती सकाळपासून उपाशी आहे. आई जाऊन किती वर्षं झाली, तू तेव्हा माझ्या कडेवर होतास. चुलतभावाकडे त्यांचं जेवणखाण होतं, हाल नाहीत. पण तू त्यांचा मुलगा आहेस, तुला कळायला हवं. म्हणून कळवलं.

दुसरं असं, की मी आता इथल्या शाळेत शिकवते. सातवीची फायनल पास झाले होते ते कामी आलं. आमच्या पाणीपुरवठा सोसायटीने नदीवर पंप उचलायला नवा लोखंडी गर्डर बसवायला घेतला आहे. शाळेतली मुलं तो बघून आली आणि एका मुलीने विचारलं, "बाई, जुना कसा काय मोडला? लोखंड मोडतं का?" सगळा वर्ग पाट्यांकडे बघू लागला. माझं कुंकू त्या गर्डरखाली गेलं हे त्यांना माहीत आहे.

मी तिला पुढचा धडा काढायला लावला. तू त्या कामाचा ओव्हरसिअर होतास. चौकशीत तू उभा राहून सांगितलंस की जबाबदारी माझी, आणि त्यांनी तुला काढलं. नंतर तू माझ्या दारात आलास तेव्हा मी तुला काय बोलले ते मी विसरलेले नाही, तूही नसशील. ते परत घ्यायला मी लिहीत नाही. मला एवढंच सांग, लोखंड सांगून मोडतं की न सांगता? त्या सकाळी यांना काही कळलं असेल का?

वत्सला


काकरखेडे,
२५ ऑगस्ट १९६३

चि. नवल,

तुझं जाडजूड पत्र मिळालं. मी ते एका दमात वाचलं नाही. रोज थोडं वाचायचे आणि पोळ्या लाटताना मनात घोळवायचे. लहानपणी तुला पाढे मी शिकवले, आता तू मला शिकवतो आहेस.

मला समजलं ते लिहिते, चुकलं तर सांग. लोखंडाची सळई ओढली की ती लांबते, अगदी डोळ्याला दिसणार नाही इतकी. ओढ सोडली की पुन्हा होती तेवढी होते. पण एक हद्द असते. त्या हद्दीपलीकडे ओढलं तर सळई तुटत नाही, फक्त लांबते, आणि सोडली तरी परत येत नाही. त्या हद्दीला तुम्ही यील्ड पॉइंट म्हणता. जाड सळई जास्त ओझं पेलते, बारीक कमी. पण जाडीच्या मानाने भागून पाहिलं तर एका जातीच्या लोखंडाची हद्द एकच निघते. तीच त्याची यील्ड स्ट्रेंग्थ. तू लिहिलंस, "लोक विचारतात किती ओझ्याला तुटेल. आम्ही विचारतो किती ओझ्यापर्यंत परत येईल. आणि काम त्याच्याही पुष्कळ अलीकडे करतो." मी याला परतीची हद्द म्हणते. मुलांना तसंच सांगितलं.

नुसतं सांगून भागलं नाही म्हणून करून दाखवलं. शाळेच्या ओसरीच्या तुळईला एक बारीक तार बांधली, तिच्या टोकाला बादली. मागच्या भिंतीवर बादलीच्या काठाशी पेन्सिलीने रेघ मारली. तांब्याने पाणी ओतत गेलो. बादली केसभर खाली आली. पाणी काढलं, बादली पुन्हा रेघेवर. मुलं म्हणाली, बाई, काहीच झालं नाही. पुन्हा ओतलं, जास्त ओतलं. आणि नवल, एका क्षणी मी तांब्या बाजूला ठेवला, कोणी काही ओतत नव्हतं, तरी बादली आपली हळूहळू खाली येत राहिली. बोटभर आली आणि थांबली. सगळं पाणी उपसलं, बादली रिकामी केली, तरी ती रेघेवर परत गेली नाही.

मुलं हसली, टाळ्या वाजवल्या. मी त्यांना खेळायला सोडलं आणि ओसरीवर बसले.

कारण तार तुटली नव्हती. तुटायच्या कितीतरी आधी तिने सांगितलं होतं. तू लिहिलंस तसंच, की साधं पोलाद अचानक तुटत नाही, आधी वाकतं, आणि वाकलेलं दिसतं. म्हणजे आपला गर्डरही आधी वाकला असणार. मग तो कोणी पाहिला? पाहिला तर पंप त्याला पुन्हा कोणी टांगला? तुझ्या एवढ्या पत्रात याचं उत्तर नाही. विसरलास की टाळलंस?

बापूंना तुझं नाव सांगून पाहिलं. ते खिडकीकडे बघत राहिले.

वत्सला


काकरखेडे,
२० नोव्हेंबर १९६३

चि. नवल,

भाऊबीज झाली. मी कोणाला ओवाळलं नाही.

तुझ्या मागच्या पत्रात एक वाक्य होतं. गर्डर अपघाताच्या आधी एकदा वाकला होता, पंप गाळात रुतला असताना ओढल्यामुळे. वजनापेक्षा गाळाची धरच जास्त होती. तू तो पाहिलास, वापरायचा नाही असं सांगितलंस आणि नवा मागवायला धुळ्याला गेलास. एवढं लिहून तू थेट तब्येतीवर आलास. मला म्हणे दूध प्यायला हवं.

मी सोसायटीच्या गोदामामागे जाऊन आले. जुन्या गर्डरचा तुकडा तिथे बाभळीखाली पडला आहे. एवढ्या दिवसांत तिकडे फिरकले नव्हते. जवळ बसून पाहिलं. मोडलेल्या जागेपाशी लोखंड निळंकाळं पडलं आहे, जाळात धरल्यासारखं. आणि त्याच्यावर घणाचे खड्डे आहेत, एकाला एक लागून.

तो वाकलेला गर्डर कोणीतरी तापवून, ठोकून सरळ केला, आणि पंप पुन्हा त्यालाच टांगला. तूच शिकवलंस ना, एकदा हद्द ओलांडलेलं लोखंड ठोकून सरळ केलं तर डोळ्याला पहिल्यासारखं दिसतं, पण पहिल्यासारखं राहत नाही. उलट्या बाजूने ओझं आलं की लवकर हार खातं, आणि ठोकताना बारीक चीर पडली असेल तर ती पुढे वाढत जाते.

चौकशीत तू म्हणालास, जे काम झालं ते माझ्या हुकमाने झालं. तू त्या दिवशी धुळ्याला होतास. बातमी तुला तिथे कळली, तू एस.टी.ने आलास, तोवर यांना दहनाला नदीवर नेलंसुद्धा होतं. हुकूम देऊन गेलो होतो, असं तू साहेबांना सांगितलंस. साहेबांनी मानलं, गावाने मानलं, मी मानलं. मी सगळ्यांत आधी मानलं.

पण मी तुला वाढवलं आहे. फुटक्या कपात तू चहा प्यायचा नाहीस, कान निखळेल म्हणायचास. तू असला हुकूम दिला असशील हे मला आता खरं वाटत नाही.

कोणी ठोकला तो?

तुझी ताई


काकरखेडे,
१९ जानेवारी १९६४

चि. नवल,

तू लिहिलंस, ताई, तो विषय सोड. सोडला नाही.

तुझं पत्र आल्यापासून एक गोष्ट आठवत होती आणि मी ती बाजूला सारत होते. अपघाताच्या आदल्या संध्याकाळी हे घरी आले तेव्हा यांच्या हातावरचे केस जळलेले होते. मी विचारलं तर म्हणाले, भट्टीजवळ होतो. जेवताना खुशीत होते. म्हणाले, उद्या पाटाला पाणी सुटेल. मला वाटलं, पंप दुरुस्त झाला. मी ताटात अजून एक भाकर टाकली. दोधू फिटर गावाला पाणी देतो, असं लोक यांच्याबद्दल म्हणायचे ना, त्याचा मला फार अभिमान होता.

काल दुपारी सासूबाई अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले. थोड्या वेळाने विचारलं, "मायजी, गर्डर यांनीच ठोकला का?"

त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "माले ठाऊक शे."

"कधीपासून?"

"पहिलाईन. त्यानी माले सांगं व्हतं." मग मिरच्या बाजूला सारल्या आणि बोलल्या. गहू ओंबीवर होता, पंप बंद. लोक रोज दारात यायचे. मी पाण्याला गेले असताना सोसायटीचे चेअरमन गुलाबसिंग आप्पा येऊन म्हणाले, एक लोखंड वाकलं म्हणून सगळ्या गावाचा गहू वाळू देतोस का? यांनी आईला सांगितलं, "नवल म्हने, हात लावू नका. पन गहू थांबाव नही."

मी म्हटलं, "मग चौकशीत का नाही सांगितलंत? माझ्या भावाला मी दारातून हाकललं, तुम्ही तिथेच उभ्या होतात."

"तुन्हा भाऊ चौकशीना आदल्या दिवशी ऊना व्हता. मन्हा पायवर डोकं ठेवं. म्हने, माय, तू काही बोलू नको, वत्सलाले हाई कळाले नको." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मरेल पोऱ्याले आखो कशी मारू मी?"

मेलेल्या पोराला पुन्हा मारणं त्यांच्याने झालं नव्हतं. मी उठून आत गेले. चूल पेटलेली नव्हती तरी चुलीपाशी बसून राहिले.

नवल, तू हे माझ्यासाठी केलंस, हे मला कळतं. नवऱ्याने आपल्या हाताने आपलं मरण टांगलं, असं मला गावात ऐकावं लागू नये म्हणून. त्याबद्दल मी तुझे पाय धरायला हवेत. पण मला रागही आला आहे, तो लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. माझं दुःख कोणतं असावं हे तू ठरवलंस. मला विचारलं नाहीस. मी तीन वर्षं चुकीच्या माणसावर रडले आणि चुकीच्या माणसावर चिडले. तू माझा धाकटा भाऊ, मी तुला न्हाऊ घातलं, आणि मला एवढंही सोसणार नाही असं तुला वाटलं?

यांच्यावर मात्र राग येत नाही. येईल असं वाटलं होतं. भाकर मागून खाणारा त्यांचा चेहराच समोर येतो.

तुझी ताई


काकरखेडे,
३० मार्च १९६४

चि. नवल,

हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी लिहिते.

सोसायटीची वार्षिक सभा झाली. मी बोलायचं ठरवलं होतं. सासूबाईंना आधी सांगितलं, कारण मुलगा त्यांचा. सभेला निघाले तर त्याही लुगडं बदलून तयार. पुरुषांच्या सभेला त्या जन्मात गेल्या नव्हत्या.

चावडीसमोर सगळे बसले होते. नव्या गर्डरचा विषय निघाला. गुलाबसिंग आप्पा म्हणाले की मागच्या खेपेस ओव्हरसिअर हलगर्जी निघाला, आता नीट माणूस नेमू. मी उठायच्या आत सासूबाई उठल्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला, आवाज एवढासा. पण सगळ्यांना ऐकू गेला.

"वत्सलाना भाऊनी काही कयं नही. ते लोखंड मन्हा दोधूनी ठोकं. नवल नही म्हने, तरी ठोकं."

कोणीतरी म्हणालं, म्हातारीला काय कळतं, बसवा तिला. त्यावर त्या आप्पांकडे वळल्या. "आप्पा, तुमी मन्हा दारमा उभा व्हतात का नही?"

आप्पा मोठा माणूस. नाही म्हणाले असते तर तिथेच संपलं असतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "व्हतू. मी बी सांगं व्हतं त्याले. मन्हा गहूबी व्हता त्यामा."

बस, एवढंच. सेक्रेटरीने लिहून घेतलं. तुझं नाव कागदावर मोकळं झालं.

खरं सांगितल्यावर मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. परतताना सासूबाई ओट्यावर बसल्या त्या उठेनात. म्हणाल्या, "आज मन्हा पोऱ्या गया." मी त्यांना धरलं. आम्ही दोघी तशाच बसून होतो, घरात न जाता.

आता पाणवठ्यावर मी गेले की बायका बोलणं थांबवतात. आधी दया होती त्यांच्या डोळ्यांत, आता काय आहे ते सांगता येत नाही. वर्गात पाटीवर कोणीतरी घण काढला होता. मी पुसून टाकला आणि धडा पुढे घेतला. मुलांना मी एवढंच म्हणाले, की दोधू फिटरने गर्डर ठोकला तो गावाचा गहू वाचावा म्हणून, आणि नवल ओव्हरसिअरने ठोकू नका सांगितलं ते माणूस वाचावा म्हणून. ती गर्डरचं विचारणारी मुलगी म्हणाली, "मग चूक कोणाची, बाई?" मी म्हटलं, लोखंडाला कोणाची गरज किती आहे ते कळत नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, ये. भावाने बहिणीला माहेरी न्यायला यावं, अशी गावाची रीत आहे, आणि माझ्याकडे तीन आखाज्या कोणी आलेलं नाही. सासूबाईंनीही सांगितलं आहे. बापूंना आता माणसं ओळखू येत नाहीत. उशीर करू नकोस.

तुझी ताई


माहेरी,
३ जून १९६४

चि. नवल,

तुझी गाडी नंदुरबारहून सुटल्यावर मी बराच वेळ फलाटावर होते. मग मिरचीच्या पोत्यांच्या बैलगाडीत बसून परत आले. शाळेला सुट्टी आहे, म्हणून पाऊस लागेपर्यंत बापूंजवळच राहीन.

तू आलास ते चांगलं केलंस. सासूबाईंनी तुझ्या पायावर पाणी घातलं तेव्हा तू मागे सरकलास, त्यांना ते लागलं. पण नंतर आमरस आणि खापरावरची पोळी तू पोटभर खाल्लीस, त्यावर त्या अजून समाधानी आहेत. "पोऱ्या वाळी गया," एवढं म्हणत असतात. नदीवर तू एकटाच गेलास. मी मागून आले नाही. काय पाहिलंस, विचारत नाही. गुलाबसिंग आप्पा तुला परत कामावर ये म्हणाले आणि तू हात जोडून नको म्हणालास, तेव्हाच मला कळलं की तू इथे राहायला येणार नाहीस. माझी आशा होती. आता नाही. भिलाईत तुझं बरं चाललं आहे असं तू म्हणतोस, ते मी मानते.

घरी काय झालं ते तुला ठाऊक आहे, तू समोर होतास. तरी लिहिते, कारण त्या वेळी तू मान वर केली नाहीस आणि मी बापूंचा चेहरा पाहत होते.

आपण माहेरच्या दारात उतरलो. बापू खाटेवर होते. त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं. "कोन शे रे भो?"

तू म्हणालास, "मी नवल, बापू."

"नवल? मन्हा पोऱ्यानं नावबी नवल शे." त्यांचा चेहरा उजळला होता, हे तू पाहायला हवं होतंस. "दूर ऱ्हास तो. लोखंडना मोठा कारखानामा. तुमी तथाईनच ऊनात का?"

मी म्हटलं, "हो बापू, तिथूनच आले आहेत."

मग त्यांनी तुला खाटेवर बसवून घेतलं. तुझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "भला गुनी शे मन्हा पोऱ्या. पन पत्र धाडत नही. त्याले सांगज्यात, बाप वाट देखी ऱ्हायना."

तू म्हणालास, "सांगस, बापू."

तुझा आवाज नीट होता. मला वाटलं होतं फुटेल. दिवसभर तू त्यांच्याजवळ पाव्हणा होऊन बसलास, ते तुलाच तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगत होते, तू आंब्याच्या झाडावरून पडलास ती, पहिला नंबर आलास ती, आणि तू दर वेळी "असं का?" म्हणत होतास. स्वयंपाकघरात मी कणीक मळत होते, ती पुन्हा पुन्हा मळत राहिले.

आज सकाळी त्यांना न्हाऊ घातलं. अंग पुसताना ते एकदम म्हणाले, "तो पाव्हना भला मानूस व्हता."

मी म्हटलं, "हो बापू."

"त्यानी नवलले निरोप दिधा व्हई का?"

"दिधा, बापू."

ते खूश झाले. थोडा वेळ दाराकडे बघत बसले. मग मला विचारलं, "मंग तो ऊना कसा नही?"

तुझी ताई